साडेपाच एकराला किती एचपीचा ट्रॅक्टर? घरात दोन मतं झालीत

बांधावरचा:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या. घरची जमीन साडेपाच एकर. त्यातली दोन एकर फळबाग, दोन ओळीतलं अंतर ९ फूट, राहिलेली साडेतीन एकर मोकळी, आणि सगळी भारी काळी जमीन. काम करणारे मी, धाकटा भाऊ आणि आमचे वडील. आजवर भाड्याच्या ट्रॅक्टरवर भागवलं पण आता वैताग आलाय, कारण आपल्या रानाला वाफसा आला (ओल मशागतीला बेताची झाली) की सगळ्यांच्याच रानाला आलेला असतो, ट्रॅक्टरवाला म्हणतो उद्या येतो, उद्याचा परवा होतो, आणि तो येईस्तोवर जमीन एकतर वाळून दगड झालेली असते नाहीतर वरून परत पाऊस पडलेला असतो. मागच्या हंगामात असेच आठ दिवस गेले आणि नंतर ढेकळं फुटता फुटेनात, तीनदा रोटर (रोटाव्हेटर, माती भुसभुशीत करणारा) मारला तरी ढेकळं ती ढेकळंच.

तर ट्रॅक्टर घ्यायचा एवढं पक्कं झालंय. कुठला, यावरून रोज रात्री जेवताना भांडण. भाऊ म्हणतो घ्यायचा तर ४५ एचपीचाच घेऊ, नवा झेपत नसेल तर जुना बघू, पुढं कधी कमी पडला असं नको व्हायला आणि रिकाम्या वेळात दुसऱ्याची कामं करून हप्ता निघेल. माझ्या डोक्यात २४-२५ एचपीचा छोटा फोर व्हील (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळते तो), नवा. वडील म्हणतात दोघंही सारखेच, दारात हत्ती बांधायला निघालात, त्याला चारा कोण घालणार ते आधी ठरवा.

मला विचारायचंय ते असं, की छोटा ट्रॅक्टर काळ्या जमिनीत रोटर नीट चालवेल का, फोर व्हीलचा खरंच फायदा असतो की शोरूमवाला उगाच गळ्यात मारतो, आणि भावाचं ऐकून जुना बघायचाच झाला तर काय काय बघायचं. कंपनीचं नाव शक्यतो नको, कंपनीवरून सुरू झालं की मूळ विषय राहतो बाजूला.

वाफसा:
दादा तुम्ही प्रश्नच उलटा विचारलाय, रागावू नका, सगळेच असाच विचारतात. एचपी सगळ्यात शेवटी येतो. आधी तुमच्या बागेत टेप घेऊन जा.

९ फुटाची ओळ म्हणजे खोडापासून खोडापर्यंत ९ फूट. झाडाचा घेर दोन्हीकडून दोन दोन फूट जरी धरला तरी मधे उरले ५ फूट. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरची मागच्या चाकांची बाहेरून बाहेर रुंदी साधारण साडेपाच ते सहा फूट असते, म्हणजे फांद्या भरल्या की तो बागेत जाणारच नाही, आणि गेला तर फांद्या मोडून नाहीतर फळं झोडपून बाहेर येईल. छोट्यांची रुंदी साडेतीन-चार फूट असते, तो आरामात जातो. मग भावाला विचारा, की दोन एकर बागेची फवारणी आणि ओळीतली मशागत कशाने करणार? पुन्हा भाड्यानेच?

आता मोकळ्या साडेतीन एकराचं गणित. रोटरची रुंदी मीटरमधे गुणिले वेग ताशी किलोमीटरमधे, भागिले १०, एवढे हेक्टर तासाला होतात, त्यातले वळण घेण्यात, ओव्हरलॅपमधे २० टक्के गेले असं धरायचं. ४ फुटी रोटर म्हणजे १.२ मीटर, वेग ३ धरा, तर तासाला ०.२९ हेक्टर म्हणजे पाऊण एकराला थोडं कमी. साडेतीन एकर झाले ५ तासात. ६ फुटीने हेच काम सव्वातीन तासात होईल. म्हणजे भाऊ ज्याच्यासाठी जवळपास दुप्पट एचपी मागतोय तो फरक पावणेदोन तासाचा आहे हो. तुमचे आठ दिवस गेले ते ट्रॅक्टर लहान होता म्हणून गेले नाहीत, दारात नव्हता म्हणून गेले. सकाळी चहा पिऊन निघालात तरी दुपारी काम उरकतं, वाफसा निसटत नाही.

आणि वर्षाचे तास मोजा. मोकळ्या रानात दोन हंगामाचे मिळून सहा वेळा फिरलात तर ३० तास, बागेतली फवारणी आणि मशागत मिळून अजून ३०-३५, ट्रॉलीचं थोडंफार, सगळं मिळून शंभर-सव्वाशे तास. भाड्याने फिरणारा ट्रॅक्टर वर्षाला हजार तास करतो. शंभर तासासाठी ४५ एचपी म्हणजे काका बोलले ते खोटं नाही, हत्तीच.

चौथा_गिअर:
वाफसा यांचं गणित कागदावर छान आहे पण काळ्या जमिनीत कागद नाही नांगरायचा. माझ्याकडे सहा वर्षं २२ एचपीचा होता, मी भोगलंय. रोटर ठीक, पेरणी ठीक, फवारणी उत्तम, पण दोन-तीन वर्षातून एकदा खोल नांगरट लागतेच, तेव्हा पलटी नांगर लावला की पुढची चाकं उचलायची आणि मागची जागेवर फिरायची. शेवटी नांगरटीला मोठा ट्रॅक्टर भाड्यानेच आणावा लागायचा. आणि ट्रॉली! छोट्याला भरलेली ट्रॉली जोडली की चढावर रडतो ते सोडा, उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. माझा एकदा असाच ट्रॅक्टर आडवा झाला रस्त्यात, नशीब समोरून कोण नव्हतं. तर भावाचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका.

वाफसा:
@चौथा_गिअर दादा मान्य, पण तुम्हीच म्हणताय दोन-तीन वर्षातून एकदा. त्या एका दिवसासाठी बाकीची वर्षं मोठं इंजिन का पोसायचं? खोल नांगरट उन्हाळ्यात असते, तिला वाफशाची घाई नसते, चार दिवस इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही, ते काम भाड्याने करून घ्यायलाच बरं. ज्या कामाला वेळ चुकून चालत नाही त्याच्यासाठी स्वतःचा ट्रॅक्टर, बाकीच्याला भाड्याचा, असा माझा हिशोब. ट्रॉलीचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर, तिथं माझ्याकडे उत्तर नाही, छोट्याला छोटीच ट्रॉली.

जुना_फिटर:
तीस वर्षं ट्रॅक्टर खोलतोय म्हणून जुन्याबद्दल सांगतो, नव्याचं इतर लोक सांगतीलच.

बघायला जायच्या आधी मालकाला फोन करून सांगायचं की मी यायच्या आधी चालू करू नका. गेल्या गेल्या पहिलं बॉनेट उघडून इंजिनला हात लावायचा. गरम लागलं तर समजायचं गडी सकाळी धक्का मारून चालू करून ठेवलाय, थंड इंजिन एका सेल्फमधे येतं का हे बघायचं राहिलं, परत या म्हणायचं आणि निघायचं. थंडीत चालू होताना थोडा धूर सगळेच देतात. पण गरम झाल्यावरही निळा धूर येत असेल तर ऑइल जळतंय, रिंगा गेल्या. पांढरा थांबतच नसेल तर नोझल नाहीतर हेड गॅस्केट. काळा धूर लोड दिल्यावर येतो त्याचं एवढं काही नाही, एअर फिल्टर साफ केला तरी कमी होतो. मग इंजिन गरम झालं की ब्रीदरच्या पाइपाजवळ हात धरा, चुलीसारखी फुकफुक वाफ येत असेल तर कॉम्प्रेशन खाली उतरतंय, इंजिनचं काम निघणार. रेडिएटरचं झाकण मात्र गार असतानाच उघडा बरं का, पाण्यावर तेलाची साय दिसली तर तिथूनच रामराम. गिअरबॉक्सचं ऑइल दुधासारखं पांढरट असेल तर त्यात पाणी गेलंय.

लिफ्ट बघायची तर रिकामी वरखाली करून काही कळत नाही. त्याच्याकडचं सगळ्यात जड अवजार लावा, वर उचला, इंजिन बंद करा आणि खुर्ची घेऊन बसा. हळूहळू दहा-पंधरा मिनिटात थोडं खाली आलं तर चालतं, दोन मिनिटात जमिनीला टेकलं तर सिलिंडरचं सील नाहीतर व्हॉल्व्ह गेलेलं. उचललेल्या अवजाराखाली वाकून बघू नका एवढं लक्षात ठेवा, माझ्या ओळखीत एकाचा पाय असाच गेलाय.

पुढचा एक्सल जॅकवर घेऊन चाक वरखाली हलवा, खुळखुळलं तर किंगपिन आणि बुश. पीटीओच्या (रोटरसारख्या अवजाराला इंजिनची ताकद देणाऱ्या मागच्या) शाफ्टचे दाते बोटाने चाचपा, सहा दाते असतात, कडा धारदार झाल्या असतील तर त्याने आयुष्यभर रोटरच ओढलाय. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, समजा ३५१९, म्हणजे टायर २०१९ सालातल्या ३५व्या आठवड्यात बनला. नक्षी चांगली दिसली तरी रबर जुनं असेल तर बाजूने भेगा पडतात.

आणि मीटरचं. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांचा अवर मीटर केबलवर चालतो, तो घड्याळाचा तास दाखवत नाही, इंजिनच्या फेऱ्या मोजतो. कमी आरपीएमवर तास चालवला तर मीटरमधे तासापेक्षा कमी पडतो. वर केबल काढून ठेवणारे महाभाग आहेतच. मी मीटर बघतच नाही, क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघतो. मीटर म्हणतो आठशे तास आणि पेडल गुळगुळीत आरसा झालंय, तर कुणीतरी खोटं बोलतंय आणि पेडल काही बोलत नाही 😀

चौथा_गिअर:
😂😂 पेडलचं भारी. माझ्या वेळी हे कोणी सांगितलं असतं तर.

सरीवरंबा:
मी स्वतः चालवते म्हणून वेगळ्या बाजूने लिहिते, कारण वर सगळे एचपीवर आणि इंजिनवरच आहेत. बांधावरचा दादा, ट्रॅक्टर चालवणार कोण कोण? वडील चालवणार का? घरात आणखी कोणी? कारण तुम्ही लिहिलंय काम करणारे आम्ही तिघं, पण मला नाही वाटत तुमच्या घरात तिघंच राबतात 🙂

शोरूममधे गेल्यावर नुसतं बघू नका, बसा. क्लच पूर्ण दाबून बघा, लागोपाठ वीस वेळा. माझ्या सासऱ्यांनी घेतलेल्या आधीच्या ट्रॅक्टरचा क्लच इतका जड होता की संध्याकाळी गुडघा वळायचा नाही, आणि सीटवरून पाय पूर्ण पोचायचा नाही म्हणून मी पुढं सरकून बसायचे, ते किती धोक्याचं आहे ते नंतर कळलं. सीट पुढंमागं होते का, चढायला पायरी कुठं आहे, गिअर दोन पायांच्या मधे आहे की बाजूला, लिफ्टचा दांडा मागं वळून बघत असताना हाताला सापडतो का.

क्लचवरून आठवलं, सिंगल क्लच आहे की डबल ते जरूर विचारा. सिंगल असेल तर क्लच दाबला की चाकाबरोबर पीटीओपण थांबतो, म्हणजे रोटर ढेकळात अडकला आणि तुम्ही क्लच दाबला की रोटर पण बंद, परत सुरू करताना झटका. डबलमधे अर्धा दाबला की फक्त ट्रॅक्टर थांबतो आणि रोटर फिरत राहतो, पूर्ण दाबला की दोन्ही. पीटीओचा वेगळा दांडा असेल तर अजून उत्तम. बागेत ब्लोअर (हवेच्या झोताने फवारणारा पंप) चालवताना याची किंमत कळते, झाडाशी थांबायचंय पण हवा चालू ठेवायचीय.

आणि पीटीओच्या शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर. पहिल्याच महिन्यात ग्रीस मारायला अडचण होते म्हणून लोक काढून फेकतात. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९ वेढे. पदर, ओढणी, लुंगी, शर्टाची बाही, काहीही एकदा अडकलं की हात मागं घ्यायला वेळच मिळत नाही. कव्हर तुटलं तर नवीन आणा पण शाफ्ट उघडा ठेवू नका.

बांधावरचा:
ताई तुम्ही बरोबर पकडलंत, आई आणि बायको दोघी रानात असतात, बायकोने तर दोनदा विचारलंय की मला शिकवणार ना. लिहिताना डोक्यातच आलं नाही, चूक झाली.

सगळ्यांचे आभार, भावाला रात्री सगळं वाचून दाखवलं. टेपचं ऐकून तो जरा गप्प झाला. पण त्याचा एक मुद्दा राहिलाच, तो म्हणतो मोठं इंजिन आरामात चालतं म्हणून डिझेल कमी खातं आणि छोटं बोंबलत चालतं म्हणून जास्त खातं. हे खरं का? आणि फोर व्हीलचं कुणीच काही बोललं नाही.

वाफसा:
डिझेलचं अर्धं खरं. चांगलं डिझेल इंजिन जोरात चालताना एका किलोवॅट तासाला साधारण २५० ग्रॅम डिझेल घेतं. २४ एचपी म्हणजे १८ किलोवॅट, तर पूर्ण लोडला तासाला साडेचार किलो, म्हणजे पाच लिटरच्या जरा वर. ४५ चा पूर्ण लोडला १० लिटर घेईल पण काम पण तेवढं जास्त करेल. म्हणजे रोटरला एकरी हिशोब काढला तर दोघांत फार फरक नाही. फरक पडतो हलक्या कामात. फवारणीला काय ताकद लागते? तिथं तुम्ही दोन टनाचं धूड रानात फिरवताय आणि त्याला हलवायलाच डिझेल जातंय, छोटा टनभराच्या आत-बाहेर असतो. तुमच्या वर्षाच्या तासातले निम्मे तास हलकेच आहेत.

बोंबलत चालण्याचं म्हणाल तर ते पीटीओमुळे. ५४० मिळवायला इंजिन एका ठरावीक आरपीएमवर ठेवावंच लागतं. काही ट्रॅक्टरांना इकॉनॉमी पीटीओ येतो, त्यात कमी आरपीएमवर ५४० मिळतात, फवारणीला तो वापरला की आवाज कमी, डिझेलपण वाचतं.

अजून एक, पत्रकावर लिहिलेला एचपी इंजिनचा असतो. पीटीओवर त्यातला ८५ टक्क्याच्या आसपास पोचतो, २४ चे २०-२१. रोटर घेताना तो आकडा बघा. काळ्या जमिनीत वाफशात असताना ४ फुटी चालतो पण वाफसा उतरला की छोट्याच्या नाकी नऊ येतात, तुम्ही साडेतीन फुटीवर थांबलात तर जास्त सुखात राहाल. मात्र चाकांची बाहेरची रुंदी रोटरपेक्षा जास्त नको, नाहीतर मशागत केलेल्या रानात एका बाजूला चाकाची दाबलेली पट्टी राहते.

काळी_माती:
फोर व्हीलवर मी लिहितो, गेली चार वर्षं वापरतोय. आधी एक गंमत, रोटरला फोर व्हील लागतच नाही फारसा. रोटरची पाती ट्रॅक्टरच्याच दिशेने फिरतात, ती माती मागं फेकतात आणि ट्रॅक्टरला पुढं ढकलतात. फोर व्हील लागतो ओढायच्या कामाला, कल्टिव्हेटर, नांगर, सरी पाडणं, ओल्या रानातून बाहेर पडणं, चढ. छोटा ट्रॅक्टर मुळात हलका, त्याच्या पुढच्या चाकावरचं वजन टू व्हीलमधे ओढायच्या उपयोगीच येत नाही, फोर व्हीलमधे ते पण कामाला लागतं. मोठ्याला स्वतःचं वजन असतं त्यामुळे त्याचं भागून जातं. म्हणून माझं मत, छोटा घ्यायचा तर फोर व्हीलच, मोठा घेतला तर टू व्हील चालेल.

शोरूमवाल्याचं नका ऐकू, माझं पण नका ऐकू, डेमोला ट्रॅक्टर रानात मागवा आणि स्वतः मोजा. मागच्या टायरवर खडूने खूण करा. अवजार उचलून टायरचे १० वेढे मारा, किती मीटर गेला ते मोजा. मग तेच अवजार जमिनीत घालून १० वेढे, परत मोजा. जेवढं कमी पडलं तेवढी चाकं घसरली. समजा उचलून ३० मीटर आणि कामात २६, तर १३ टक्के. ८ ते १५ टक्क्यात असेल तर उत्तम. १५ च्या वर गेलं की डिझेल आणि टायर मातीत घालताय. अगदीच ५ च्या खाली असेल तर ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड आहे, रान उगाच दाबतोय.

वजन हा आणखी एक विषय. लोक घसरतोय म्हणून टायरमधे पाणी भरतात, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून त्याच्या पातळीपर्यंत म्हणजे टायरचा पाऊण भाग, ते नांगरटीला ठीक आहे, पण फवारणीला तेच पाणी घेऊन फिरतात वर्षभर. काळी जमीन ओली असताना जड एक्सल गेला की खाली घट्ट थर बसतो, तो रोटरने फुटत नाही, रोटर तर वरचे चार-पाच इंचच हलवतो, आणि मग पाणी मुरत नाही म्हणून आपण पावसाला दोष देतो. तुमच्या बागेत तर चाकं वर्षानुवर्षं त्याच दोन पट्ट्यांवरून जाणार. मी तरी हलकाच घेईन.

हो आणि फोर व्हील पक्क्या रस्त्यावर काढून टाकायचा, विसरायचं नाही. पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित जास्त धावतील अशीच गिअरची रचना असते, मातीत ती घसरून जुळवून घेतात, डांबरावर जागा मिळत नाही मग टायर झिजतात आणि पुढच्या गिअरवर ताण येतो.

चौथा_गिअर:
@काळी_माती पटलं, माझा २२ चा टू व्हीलच होता, म्हणून तर नांगराला रडायचा.

जुना_फिटर:
पुढची चाकं उचलतात त्यावर एक सांगतो. पुढच्या एक्सलवर ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान २० टक्के भाग राहिलाच पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग नावापुरतं. जड अवजार मागं टांगलं की पुढं वजनाच्या प्लेटा लावा. आणि काही अडकलं, ओढायचंय, तर साखळी खालच्या हुकालाच लावायची. टॉप लिंकला (अवजाराच्या वरच्या जोडदांड्याला) नाहीतर एक्सलच्या वर बांधली तर ट्रॅक्टर मागच्या मागं उलटतो, सेकंदाचं काम, उडी मारायलाही जमत नाही. जुन्या काळी थ्री पॉइंट (अवजार तीन ठिकाणी धरणारी मागची जोडणी) नव्हता तेव्हा नांगर दगडाला अडकला की असेच उलटायचे. हॅरी फर्ग्युसन नावाच्या माणसाने १९२६ ला लिफ्ट आणि ड्राफ्ट कंट्रोलचं (ओढ वाढली की अवजार आपोआप थोडं उचलायचं) पेटंट घेतलं, आधी १९३६ च्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर आणि मग १९३९ च्या फोर्ड ९एन वर ते आलं, तेव्हापासून नांगराचा ओढ उलट ट्रॅक्टरला जमिनीत दाबायला लागला. तो ९एन किती एचपीचा होता माहितीय? पंचवीसच्या आतलाच. भावाला सांगा हे.

लिफ्टचा आकडा पण फसवा असतो. पत्रकात कधी खालच्या लिंकच्या टोकाला मोजलेला लिहितात, कधी टोकापासून ६१० मिलिमीटर मागं. मागं मोजलेला कमी येतो पण खरा तोच, कारण अवजाराचं वजन मागंच लटकतं. दोन ट्रॅक्टर तोलताना एकाच जागचा आकडा विचारा. साडेतीन-चार फुटी रोटरला छोट्याची लिफ्ट पुरते, अडचण येते ती मोठ्या टाकीच्या ब्लोअरला, कारण पाण्याचं वजन. ४०० लिटर म्हणजे ४०० किलो नुसतं पाणी.

बांधावरचा:
उशीर झाला लिहायला, मधे डेमो झाला म्हणून थांबलो होतो.

आधी बाग मोजली. ओळ ९ फूट म्हणून लावली होती पण फांद्या सोडून मोकळी जागा निघाली ४ फूट १० इंच, एका कोपऱ्यात तर साडेचारच. भाऊ स्वतः टेपचं दुसरं टोक धरून उभा होता त्यामुळे वाद घालायला जागा राहिली नाही. मग २४ चा फोर व्हील रानात मागवला. खडूची खूण करून कल्टिव्हेटरवर मोजलं. उचलून १० वेढ्यात ३० मीटर. टू व्हीलमधे साडेचोवीस, म्हणजे १८ टक्के घसरला. फोर व्हील टाकून २७. डेमोवाला पोरगा बघतच राहिला, म्हणाला असं कोणी मोजत नाही.

रोटर ४ फुटी होता, वाफसा जरा उतरलेलाच, तर इंजिन दबत होतं, पहिल्या लो गिअरमधे चालवला. साडेतीन फुटीच घेणार. बायकोने चालवला, क्लच हलका आहे म्हणाली, सीट पुढं होते. वडिलांनी पण एक फेरी मारली आणि उतरून म्हणाले चारा कमी खाईल असं वाटतंय.

नांगरटीला भाड्यानेच. भावाने एकच अट घातलीय की ट्रॉली हवीच. आणि एक प्रश्न, त्याला मागं जो लोखंडी बार आहे, उलटल्यावर वाचवणारा, तो बागेत फांद्यांना लागतो, काढून ठेवला तर चालेल का?

सरीवरंबा:
काढू नका. दुमडणारा बार मिळतो, बागेत घेताना दुमडायचा, बाहेर आलं की परत उभा करायचा. आणि उभा असताना पट्टा लावायचा, पट्ट्याशिवाय उलटलात तर बारच अंगावर येतो. दुमडलेला असताना मात्र पट्टा नाही लावायचा.

चौथा_गिअर:
ट्रॉली घ्या पण दोन चाकी छोटी, आणि शक्यतो स्वतःचे ब्रेक असलेली. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडून ठेवा, रानात वळायला वेगवेगळे करतो आपण आणि तसेच रस्त्याला लागतो, जोरात एकच पेडल दाबलं गेलं की गाडी गर्रकन फिरते. माझा आडवा झाला तो असाच झाला होता, तेव्हा ट्रॉलीला दोष देत होतो. उतारावर खालच्या गिअरमधेच राहायचं, न्यूट्रल नाही.

बांधावरचा:
ओके, दुमडणारा बार आणि कडी, दोन्ही लिहून घेतलं. भावाला सांगतो.

जुना_फिटर:
घेताना लिंचपिन पाच-सहा जास्तीच्या मागून घ्या, थ्री पॉइंटच्या. पहिल्याच महिन्यात दोन तरी मातीत जातात, आणि मग माणूस खिळा वाकवून घालतो.